तिसरी ओळ, सातवी ओळ

प्रियानं फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. तिसऱ्या आणि सातव्या ओळीतले काळे पट्टे एकाला एक जुळत होते. क्षयाच्या जंतूंच्या डीएनएचे ठसे काढायचे आणि कुणाचा जंतू कुणाशी जुळतो ते पाहायचं, हे बेळगावच्या प्रयोगशाळेतलं तिचं रोजचं काम. आज मात्र ती देव पाण्यात घालून बसली होती. हे दोन ठसे तरी वेगळे निघू देत.

तिसरी ओळ आप्पांची, तिच्या वडिलांची. सातवी मालुबाईची, निपाणीच्या घरी बारा वर्षं धुणीभांडी करणारीची. दोघंही गेली होती. त्यांचे जंतू तेवढे फ्रीझरमध्ये शेजारीशेजारी जिवंत होते. फ्रीझरचं दार उघडताना प्रियाला अजून आप्पांचा खोकला ऐकू यायचा आणि तिला भीती वाटायची.

मालुबाईनं रोग आणला, त्यात आप्पा गेले, असं सारी गल्ली म्हणायची. पाणी गाळून पिणारं घर, तिथं रोग यायचा कुठून? या बोलण्यापायी मालुबाईच्या लेकीची, मंगलची सोयरीक दोनदा मोडली. रोग आधी कुणाला झाला ते प्रियाला ठाऊक होतं. आप्पांची थुंकी तिनंच चोरून तपासायला नेली होती, मालुबाईच्या तपासणीच्या आठ महिने आधी. आईलाही सांगू नको, अशी आप्पांनी शपथ घातली आणि ती गप्प बसली. ठसे वेगळे निघाले असते, तर ते गप्प बसणं निभावून गेलं असतं.

रविवारी ती निपाणीला गेली. आई सोप्यात शेंगा फोडत होती.

"आई, आप्पांचाच रोग मालुबाईला लागला. मंगलच्या घरी जाऊन सांगायला पायजे."

आईचे हात थांबले नाहीत.

"यांच्या रोगाचं तुला कवा कळलं?"

"आप्पांना झाला तवाच. शपथ घातलती मला. खोकती म्हणून तू तिला काढलीस, तवा मी बोलाय पायजे होतं."

आईनं टरफलं एका बाजूला सारली.

"यांच्या रुमालावरचं रक्त तिनंच मला दाखवलतं. डॉक्टरला दावा आक्का, म्हणाली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी काढली." आई खाली बघूनच बोलली. "खोकती म्हणून गल्लीत मीच सांगितलं. तवा ती खोकत बी न्हवती."