युराकराहूसमोरचा खांब

मेल्चोरा तारासोना दर सोमवारी मेंढ्या कुरणात सोडून खिंडीपर्यंत चढायची. तिथे लोखंडी खांबावर एक कॅमेरा होता. समोरच्या हिमशिखराचा फोटो तो दिवसातून चारदा आपोआप काढायचा. त्याची काच पुसायचं काम तिच्याकडे होतं. नवरा गेल्यापासून आपली कुणीतरी वाट बघतंय असं तिला वाटायचं ते तिथेच.

सात वर्षांनी, बर्फावर नजर ठेवायला तो कॅमेरा बसवणाऱ्या इंजिनिअर ओब्रेगोननं ते सगळे फोटो जोडून गावच्या शाळेत पडद्यावर दाखवले. सात वर्षं तीन मिनिटांत सरली. ढग पळाले, ऊन-सावली लुकलुकली, आणि निजलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसा बर्फ वर वर सरकत गेला. खाली काळा खडक उघडा पडला. मेल्चोरा हबकली. रोज डोळ्यांसमोर असून तिला हे दिसलं नव्हतं.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली. शेजारणीनं वाचून सांगितलं, 'शिखर क्रमांक नऊ'. मेल्चोरा उठून उभी राहिली.

"त्याला नाव आहे. युराकराहू. पांढरा बर्फ."

"नकाशात तर काहीच नाव नाही, दोन्या मेल्चोरा," इंजिनिअर अदबीनं म्हणाला.

"नकाशा आमच्याकडे विचारायला आला होता कधी?"

लोक हसले. मागून कुणी म्हणालं, आता पांढरं उरलंय कुठे, काळाच म्हणा. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

"माझ्या नवऱ्याला टक्कल पडलं," ती म्हणाली, "म्हणून मी त्याचं नाव नाही बदललं."

इंजिनिअरनं वही काढली, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि लिहिलं.

पुढच्या वर्षी बर्फ आणखी वर सरकून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेरच गेला. इंजिनिअर स्वतः सांगायला आला. बटाट्याचं सूप प्यायला, ती फिल्म राजधानीला, लिमाला, शिखराच्या नावासकट गेली म्हणाला, आणि कॅमेरा पलीकडच्या खोऱ्यात घेऊन गेला. तिथली काच कोण पुसणार, असं तिनं विचारलं. मिळेल कुणीतरी, असं तो म्हणाला.

खांब तेवढा राहिला. अजूनही सोमवारी ती वर जाते. शिखराला वाहायची म्हणून दगडाखाली कोकाच्या झुडपाची तीन पानं ठेवते, त्याला नावानं हाक मारते. घरी बोलायला कुणी नसतं, म्हणून कधी कधी अंमळ जास्तच बसते. मग मेंढ्या वळवायला खाली उतरते.