खिळ्यावरचा बिल्ला

नैरोबीच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या विद्यापीठात नऊ भाषा शिकवतात, आणि आईची भाषा बोललात तर गळ्यात बिल्ला पडतो.

बिल्ला म्हणजे पंज्याएवढा लाकडाचा तुकडा, घायपाताच्या दोरीत ओवलेला. मुलींच्या वसतिगृहाचा प्रत्येक मजला एकेका भाषेचा. तळाला जर्मन, सगळ्यात वर चिनी, मधला आमचा, फ्रेंचचा. मजल्यावर दुसऱ्या भाषेत तोंड उघडलं की बिल्ला गळ्यात, आणि पुढची चुकणारी सापडेपर्यंत तो तिथेच. शुक्रवारी जेवणाच्या घंटेला जिच्या गळ्यात तो असेल तिला सोमवारपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. परदेशी पाहुणे आले की कौतुकाने त्याचे फोटो काढतात. त्यांना कुठे तो घालायचा असतो.

हे डोकं मादाम न्दिंदाचं. ती फ्रेंच विभागाची प्रमुख आणि आमच्या मजल्याची वॉर्डन. मनातल्या मनात तिला अहो-जाहो करणं मी केव्हाच सोडलंय. ती मचाकोसची, म्हणजे माझ्यासारखीच कांबा जमातीची, आईची भाषाही कांबाच. पण तीन वर्षांत तिच्या तोंडून कांबातला एक शब्द मी ऐकला नव्हता. मुली प्रार्थनेत आपापल्या भाषेत पुटपुटतात हे लक्षात आल्यावर तिने भिंतीवरच्या तिसऱ्या नियमात ‘प्रार्थनाघरातसुद्धा’ असं जोडलं, आणि हा नियम मलाही लागू आहे, असं ताठ मानेने सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची अजून लाज वाटते.

वाकेशो माझ्या खोलीतली. तैताच्या डोंगरातली, आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या भावाने, म्वादिमेने, खाणीत दगड फोडून तिला इथवर आणलं. बुधवारी दुपारी मजल्यावरच्या बोळात तिचा फोन वाजला. खाणीत दरड कोसळली होती. तिने तैतामध्ये, तिच्या घरच्या भाषेत, दोनदा काहीतरी विचारलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने जो गळा काढला, तो कुठल्याच भाषेत नव्हता. मधेमधे फक्त भावाला तैतात हाका मारत होती.

मादाम खोलीतून बाहेर आली. मला वाटलं, पोरीला उठवायला आली. तिने खिळ्यावरचा बिल्ला काढला, वाकली आणि वाकेशोच्या गळ्यात घातला.

“मादाम, तिचा भाऊ गेला,” मी म्हणाले. फ्रेंचमध्येच, बाईला आवडते तशा घोटीव फ्रेंचमध्ये.

“कळलं मला. फार वाईट झालं. पण सवलत एकीला दिली की उद्या सगळ्या रडत येतील.”

दफन शनिवारी होतं. तैता म्हणजे एक दिवसाचा प्रवास, आणि फाटकावरचा पास मादामच्या सहीशिवाय मिळत नाही.

गुरुवारी सकाळी मी वाकेशोला म्हणाले, “हे बघ, मी कांबात बोलते. तू मला पकड आणि मोकळी हो.”

“नको. म्वादिमेला माती द्यायला मी तुझा गळा अडकवू?”

“अगं, माझ्या गळ्याला काय धाड भरलीय?”

तिने मान हलवली. डोळे सुजून बारीक झाले होते. मग मीच मादामच्या ऑफिसात गेले आणि तिच्याबद्दल मला काय वाटतं ते खणखणीत कांबात ऐकवलं. माझ्या आजोळी शेळीला हाकलतानाही कुणी इतकं बोलत नाही. बाईने मान वर केली नाही, आणि उत्तर दिलं ते फ्रेंचमध्ये.

“मुद्दाम केलेली चूक मी धरत नाही, स्योम्बुआ. चूक नकळत व्हावी लागते.”

“मग तिला पास द्या.”

“मीही बिल्ला घातलाय. आमच्या शाळेत तो हाडाचा होता. आई आजारी होती तेव्हा तीन आठवडे माझ्या गळ्यात होता. त्यानेच मला फ्रान्सपर्यंत नेलं.”

“आणि आई?”

तिने समोरची वही मिटली. “जाताना दार लावून घे.”

शुक्रवारी अकराला प्रार्थनाघर. प्रवचन संपलं की आमच्याकडे सगळे उभे राहतात, डोळे मिटतात आणि एकदमच, मोठ्याने, ज्याची त्याची प्रार्थना सुरू होते. शंभर जणींचा आवाज छपराला भिडतो. वाकेशो माझ्या शेजारी नुसती उभी होती. आमच्या पुढच्याच रांगेत मादाम. आधी तिची फ्रेंच ऐकू आली, स्वच्छ, वर्गातल्यासारखी. मग आवाज चढत गेला, बाई डोलायला लागली, आणि माझ्या कानावर कांबा आली. आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायकांसारखी, अगदी पोटातून.

“देवा, त्या पोरीकडे बघ. तिचा भाऊ नेलास, आता तिला कुणी नाही रे. तिला धर. तिला एकटी सोडू नकोस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिला कळत होतं. देवाजवळ बोलायला हिच्याकडे आईची भाषा होती आणि मायाही होती, आणि त्या पोरीला द्यायला मात्र लाकूड. मी वाकेशोच्या गळ्यातून बिल्ला काढला, बाकाला वळसा घालून पुढे गेले आणि मादामच्या गळ्यात घातला.

तिने डोळे उघडले. “अगं, मी प्रार्थना करतेय,” ती म्हणाली. तेही कांबात.

“नियम तिसरा, मादाम,” मी फ्रेंचमध्ये म्हणाले. “आणि चूक नकळत झालीय.”

एकेक रांग गप्प होत गेली. मादाम खाली बसली. तिने पेन मागितलं आणि मांडीवरच पास लिहून दिला.

डोंगर उतरून वाकेशो नैरोबीला पोचली तोवर त्या दिवशीची शेवटची बस गेली होती. शनिवारी ती गावात शिरली तेव्हा पेटी खड्ड्यात उतरवून झाली होती. माती टाकायला मिळाली. तोंड बघायला मिळालं नाही.

त्याच शनिवारी जेवणघरात मादाम एकटी मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी खात बसली होती, गळ्यात बिल्ला. दर शनिवारी ती मचाकोसला जाते. त्या दिवशी गेली नाही. बघ, स्वतःलाही सोडत नाही, अशी मुलींची कुजबुज चालली होती. मला जेवण गेलं नाही. दोन दिवस बिल्ला मिरवून बाईने नियम मात्र सहीसलामत राखला होता.

सोमवारी बिल्ला परत खिळ्यावर. दुपारी वाकेशो आली, बुटांना लाल माती तशीच. बोळात मादाम पुढे झाली आणि फ्रेंचमध्ये दुखवट्याचे दोन शब्द बोलली, व्याकरणात कुठेही खोट न काढता येण्यासारखे. वाकेशोने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या तोंडाकडे बघत तैतात उत्तर दिलं. लांबलचक. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, मादामलाही नाही. बाईचा हात बिल्ल्याकडे गेला नाही, हेही सांगायला हवं.

बिल्ला वाकेशोनेच खिळ्यावरून काढला आणि गळ्यात घातला.

“अगं, शुक्रवारी परत अडकून पडशील,” मी म्हणाले.

“शुक्रवारी मी जाणार कुणाकडे?” ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन बॅगेतले कपडे कपाटात लावायला लागली.