सोनेरी फेजंटचा चातुर्मास

"पिसं झडायला लागली की उकडलेलं अंडं कुस्करून द्यायचं. विसरू नकोस, सुचेता." गेल्या माघात, अंथरुणावरून तिच्या नवऱ्याने, गुणवंतरावांनी, सांगितलं होतं. त्यांच्या हातावर हात ठेवून तिने हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात ते गेले.

आता श्रावण चालू होता आणि सुचेताचं जपात लक्ष लागत नव्हतं. माळेचे मणी सरकत होते, कान मात्र गच्चीवरच्या पिंजऱ्याकडे. शेवटी माळ हातात घेऊनच ती वर गेली. नवऱ्याचा लाडका पक्षी, सोनेरी फेजंट, जाळीच्या कडेकडेने नुसत्या येरझारा घालत होता. एरवी त्याच्याकडे बघून डोळे निवायचे: डोक्यावर सोनेरी तुरा, मानेभोवती काळ्या रेघांची नारिंगी झालर, लालभडक पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. आता तुरा विरळ आणि पाठीची कातडी उघडी पडलेली.

उन्हाने रंग विटू नये म्हणून तिने वर कापड बांधलं होतं, धुळीत लोळायला कोरडी रेतीही टाकली होती. खाण्यात मात्र चातुर्मास पाळला. भिजवलेले मूग, पालक, पपई. आपल्याबरोबर मुक्या जिवालाही पुण्य लागेल, असं तिला मनापासून वाटलं होतं.

शेजारच्या गच्चीत हौसाबाई कोळीण कपडे वाळत घालत होती.

"अगो वयनी, तुजा कोंबडा सोताचीच पिसं खातोय बग!"

"कोंबडा नाही गं, फेजंट."

"नाव कायपन ठेव. खायला काय घालतेस?"

"मूग."

"निस्ते मूग? उपास तुजा हाय का त्याचा? त्यानं कंदी संकल्प सोडला?"

सुचेता हसायला गेली, हसू आलं नाही. "देवापुढे पाणी सोडलंय गं. चार महिने अंडं घरात येणार नाही."

"नको आनू घरात. माज्या चुलीवर उकडू. पन भरवायचं तूच. माज्या हातचं तो खानार न्हाय."

फेजंट थबकला. मान वळवून त्याने पाठीचं एक पीस उपटलं आणि गिळलं. तिथे रक्ताचा थेंब आला.

सुचेता खाली आली, देवघरापुढे उभी राहिली.

"अंडं हाताला लागेल," ती हळूच म्हणाली. "त्याचं जे काय पाप असेल ते माझ्या नावावर मांड. त्या पाखराच्या नको."

माळ गोमुखीत ठेवून, पायात चपला सरकवून ती हौसाबाईच्या दाराकडे निघाली.