तहसीलदाराचा उजवा पाय

बडनेऱ्याच्या सुंदराबाईच्या टांग्याचा घोडा, नाव तहसीलदार, नवे नाल ठोकल्यापासून पुढच्या उजव्या पायानं लंगडत होता.

"खांदा भरला," असं सांगून जनावरांची वैदकी करणाऱ्या भगवंत माळ्यानं आपल्या मळ्यात सळई तापत घातली. जनावराचा रोग कोणताही असो, भगवंताचा इलाज एकच, डाग. मागे त्यानं एका आंधळ्या बैलाला डागलं होतं. बैल बरोबर दाराकडे पळाला, म्हणजे गुण आला, असं त्याचं म्हणणं.

सुंदराबाई घोड्यापुढे आडवी उभी राहिली. "माह्या घोड्याले सळई लावशीन, तं दुसरी तुह्या पाठीवर लागन. खूर चुलीवानी तापला हाय, अन् तू खांद्यावर कावून चढून राहिला?"

"बाई, डागल्याबिगर जनावर सुधरत नाही!"

तिनं लगाम धरून घोडा सरळ भगवंताच्या झेंडूच्या ओल्या वाफ्यात घातला. मऊ मातीत तहसीलदार दौऱ्यावर निघाल्यासारखा ताठ चालला. गिट्टीच्या सडकेवर येताच पुन्हा लंगडला.

"खांदा दुखत असता तं त्यानं गाऱ्यात पाय ओढला असता. दगडावर खूरच बोंबलते. खिळा जित्या खुरात घुसला. काढ!"

"एका चकरीनं काही ठरत नाही."

"मंग दुसरी मारतो." सुंदराबाईनं घोडा वाफ्याकडे वळवला.

"थांब व माय! खूरच हाय!" भगवंतानं सळई टाकून पकड घेतली. उपटलेल्या खिळ्यामागून पू आला.

तहसीलदारानं पाय टेकला, मान लांब केली आणि झेंडूचं एक फूल खाल्लं. सुंदराबाईनं त्याला अडवलं नाही.