हृदयात वाहतूक तुंबली

विज्ञानाच्या सरांचा आवाज बसला, तोही ऐन रक्ताभिसरणाच्या धड्याला. बावीस वर्षं ते हा धडा एका दमात शिकवत आले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठ दिवस चकार शब्द काढायचा नाही." सरांची बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला जन्मात जमलं नाही ते तुम्ही एका चिठ्ठीत केलंत!"

वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आज मी मुका. रक्त तुम्ही.' बाकं सरकवली, जमिनीवर खडूनं हृदयाचे चार कप्पे आखले, बाजूला फुप्फुसं, आणि निळे-लाल कागद काढून ठेवले. मग ते हातवारे करू लागले.

"सर माशा मारतायत!" कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खो खो हसला.

पहिल्या बाकावरची, कानाला यंत्र लावणारी मुलगी मात्र उठली. एरवी ती तोंड उघडायची नाही. सरांचे हात नीट न्याहाळून म्हणाली, "निळा कागद घेऊन उजवीकडून शिरायचं. फुप्फुसात तो देऊन लाल घ्यायचा आणि डावीकडून बाहेर. मी झडप. मागे फिरलात तर खबरदार!"

बोलताना अडखळणारा एकजण डस्टर आपटून ठोके देऊ लागला. रक्त शहाण्यासारखं वाहत होतं. पण ठोके देणाऱ्याला चेव आला, त्याने वेग वाढवला. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा 'पोपट' घाईघाईत निळा कागद घेऊनच डावीकडे घुसला आणि समोरून येणाऱ्या लाल रक्तावर आदळला. एकच गोंधळ!

आवाज ऐकून मोठ्या बाई तरातरा आत आल्या. "काय चाललंय हे?"

"बाई, सरका ना," मुलगी म्हणाली. "तुम्ही झडपेत उभ्या आहात."

बाई चक्क सरकल्या.

तास संपल्यावर सरांनी तिला चिठ्ठी दिली : 'तुला सगळं कसं कळलं?'

"आज तुमचं तोंड, हात, सगळं आमच्याकडे होतं, सर. रोज तुम्ही फळ्याशी बोलता. मी ओठ वाचते, पण मला दिसते तुमची पाठ."

सर ओशाळले. वर्षभर तिला ते 'अबोल' समजत होते. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'चुकलो.'

नवव्या दिवशी आवाज परत आला. सरांनी आकृती मधल्या सुट्टीतच काढून ठेवली आणि वर्गाकडे तोंड करून बोलू लागले. पाचच मिनिटं झाली असतील.

"सर, आम्ही कधी उठायचं?" पोपटानं विचारलं.

"लगेच. बोला, मूत्रपिंड कोण होणार?"

'मूत्र' ऐकताच खसखस पिकली. जो तो आपल्या वहीत बघू लागला.

"दोन लागतात," ती मुलगी म्हणाली, आणि उठून तिनं पोपटाचा हात धरला.