साधी पट्टी

"त्यांना खरं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आता पट्टीची गरज उरली नाही, असं आज सांगितलंत तर शाबासकी होईल. उद्या त्यांचं त्यांना कळलं तर फसवणूक." मी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरूनही गेले. घरात तान्हं मूल असलं की माणूस आजचं आज बघतं.

बाबा, म्हणजे माझे वडील, कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर बाबा मेणात एकेक दात बसवत जातात. मेण मऊ करायला टेबलावर स्पिरिटचा दिवा असतो. उभा जन्म त्यांनी सिगारेटही त्याच दिव्यावर पेटवली. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. माझी मुलगी झाली तेव्हा मीच अट घातली, "बाबा, धुराच्या हातांनी तिला घ्यायचं नाही." तिच्या बिनदातांच्या तोंडावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं बोळकी, आणि सिगारेटचं पाकीट केरात टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. बाबांना सोसेल ना, या माझ्या धास्तीपायी नवऱ्याने एक स्वतःला लावून पाहिली. त्याने आयुष्यात सिगारेट धरलेली नाही. थोड्या वेळाने घाम, मळमळ, शेवटी मोरीत उलटी. बाबा तसलीच पट्टी लावून शीळ घालत दाढी करत होते.

"जावईबापू, मी चाळीस वर्षं फी भरलीय. तुम्ही एकदम शेवटच्या वर्गात जाऊन बसलात!"

हळूहळू ताकद कमी करत पट्ट्या बंद झाल्या. त्या दिवशी मी जेवण घेऊन त्यांच्या कामाच्या खोलीवर गेले, तर बाबा विझलेल्या दिव्यासमोर हात काखेत दाबून बसलेले. मेणातले दात सगळे वाकडे. "अजून एकच पट्टी मिळेल का गं?" म्हणाले. आवाज असा, की मला राहवलं नाही. घरी जखमेवर लावायची चिकटपट्टी होती, त्याच रंगाची. त्याच मापाची कापली आणि त्यांच्या दंडावर लावली. "बाबा, ही जरा जास्त ताकदीची."

चहा होईपर्यंत त्यांचे खांदे खाली आले. "लागली बघ!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसवलेले दात इतके सुरेख, की मीच दिपून गेले. मग रोज सकाळी मी तेच करत राहिले; डॉक्टरीणबाईंनी खरं सांगायला बजावलं, त्यानंतरही.

महिन्याभराने बोळकीला दात येऊ लागले. दिसेल ते तोंडात. त्या सकाळी ती बाबांच्या मांडीवर होती, बाबा बनियनमध्ये. मी गॅसपाशी पाठमोरी. तिने दंडावरची पट्टी उपटली आणि तोंडात कोंबली.

"विष गेलं हिच्या पोटात! गाडी काढा!" बाबा तिच्या तोंडात बोट घालून शोधत होते, ती किंचाळत होती, आणि बाबा तिच्याहून मोठ्याने रडत होते. "माझ्यामुळे गं, माझ्या व्यसनापायी..."

मी गालफडातून पट्टी काढली. "बाबा, हिला काही होणार नाही. साधी पट्टी आहे ही."

"साधी म्हणजे?"

"जखमेवरची. त्यात औषध नाही. महिनाभर नाहीये."

त्यांनी बोळकीला माझ्याकडे दिलं आणि हात पालथे धरून बघत राहिले.

"म्हणजे सिगारेट तुमची तुम्हीच सोडलीत, बाबा!" डॉक्टरीणबाईंनी ताजं दिलेलं मी असं शिळं करून वाढलं.

"मग मला रोज लागत काय होतं?" बाबांनी विचारलं. रागावून नाही. खरंच विचारलं.

"आता त्या फीचे पैसे परत मागा," नवरा म्हणाला.

दुपारी त्यांचे हात थरथरू लागले. मी धावत जाऊन खरी पट्टी आणली, पाकीट त्यांच्यासमोर फाडलं. "ही खरी आहे, बाबा."

"कशावरून?"

तरी लावून घेतली, माझं मन राखायला. दिवसभर दंडावर होती. लागली नाही.

दोन दिवसांनी ते दारातच थांबले. शर्टाला वास होता. बोळकी भराभर रांगत गेली, त्यांनी हात मागे बांधले. "नको, बाळा. धुराचे आहेत." तिचे दोन नवे दात त्यांनी वाकून, लांबूनच पाहिले.

आता ते कामाच्या खोलीतच राहतात. मी गेले की दिवा विझवतात, हात टेबलाखाली घेतात, "मजेत आहे" म्हणतात. माझ्यासमोर ते खरं बोलणार नाहीत, आणि ते मीच शिकवलं त्यांना. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरात कोणाची कवळी सैल झाली असेल तर त्यांच्याकडे न्या. घाई करू नका, थोडं बसा. मेण कोरताना त्यांचे हात कसे चालतात ते बघा, जेवण झालं का विचारा, आणि मला कळवा.