बर्फावरच्या दोन रेघा

चाळीस वर्षं मी अलास्कात विमान उडवलं. पण कुठल्या कंपनीची नोकरी केली नाही की कुणाला साहेब म्हटलं नाही. ज्याला गरज, त्याचं काम. कुणाचे कुत्रे नेले, कुणाची लोखंडी चूल नेली. एकदा बाळंतीण नेली. निघताना आम्ही दोघी होतो, उतरताना तिघं.

माझी शाळा चौथीत सुटली. तरी गावच्या मास्तराला उडायला शिकवलं ते मीच. थर्मन त्याचं नाव. त्याची बायको विनी डोंगरापलीकडच्या गावात मास्तरीण. महिन्यातून एकदा भेट झाली तर झाली. स्वतः उडता आलं तर दर शनिवारी बायको दिसणार, एवढ्यासाठी बिचारा माझी बोलणी खायचा.

"बाई, पुस्तकात असं दिलंय की..."

"पुस्तकाला पंख आहेत का रे? नाक खाली घे आधी!"

मी हो म्हटल्याशिवाय त्याला एकट्यानं उडता येणार नव्हतं. तीनदा मी नाही म्हटलं होतं. एप्रिलात म्हटलं, "विनीच्या गावच्या गोठलेल्या तळ्यावर नीट उतरव, मग बघू."

बर्फाच्या दिवसांत विमानाला चाकांऐवजी स्की लावलेल्या असायच्या. ओळख नसलेल्या बर्फावर आमच्यात कुणी थेट उतरत नाही. आधी स्की नुसत्या टेकवायच्या, लगेच वर उठायचं आणि गिरकी घेऊन उमटलेल्या रेघा बघायच्या. पांढऱ्या राहिल्या तर खुशाल उतरा. काळ्या पडल्या तर वरच्या बर्फाखाली पाणी आहे. त्यात विमान रुतलं की गोठलंच.

थर्मननं स्की टेकवल्या, उठला, वळला. काठावर विनी लाल रुमाल हलवत उभी.

मागच्या सीटवरून मी ओरडले, "छान पांढऱ्या आहेत! उतर!"

"नाही बाई. डावी काळी पडतेय."

"मला शिकवतोस? बायको उभीय तिथं, मेल्या!"

"दिसतेय मला," एवढंच म्हणाला आणि विमान डोंगराकडे वळवलं. मानेपर्यंत लाल झाला होता. मी वळून पाहिलं. डावी रेघ शाईसारखी काळी, उजवीही काळवंडत चाललेली. खरं सांगते, मला आधी दिसलंच नव्हतं.

आम्ही गावी परतलो. आमच्या ओळखीच्या बर्फावर त्यानं अलगद उतरवलं. इंजिन चालूच होतं. मी खाली उतरले.

"काय झालं, बाई?"

"माझं वजन तुला जड होतंय. जा एकटा. तीन फेऱ्या मार."

तिन्ही फेऱ्या देखण्या मारल्या. मग रिवाजाप्रमाणे मी माशाचा सुरा काढला आणि त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापलं. पहिल्यांदा एकट्यानं उडणाऱ्याचं आम्ही कापतोच.

"अहो, विनीनं शिवलाय!"

"मग शनिवारी जाऊन दुसरा शिवून घे. तिच्या घरामागच्या टेकाडावर उतर, तिथं पाणी नसतं."

तो हसला. "बाई, मघाशी माझी परीक्षा घेत होतात ना?"

"मग काय तर!" मी म्हटलं.